तिसऱ्या वर्षी चाररेघी वही नको

ठाणे शहरात प्ले ग्रुप, नर्सरी आणि केजीचे वर्ग चालवणाऱ्या सर्व संचालिका-संचालकांना आणि तिथे शिकवणाऱ्या ताईंना,

स. न. वि. वि.

पुढच्या जूनचे प्रवेश तुमच्याकडे सुरू झाले आहेत. घोडबंदर रोडवर मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत तुमचे फलक लागलेत. महिन्या-दोन महिन्यांत वह्या-पुस्तकांच्या याद्या छापायला जातील. त्या जाण्याआधी तुमच्याशी बोलावं म्हणून हे पत्र.

मी २८ वर्षं ठाण्यात बालवाडी चालवली. आधी नौपाड्यात एका जुन्या वाड्याच्या पडवीत, मग वागळे इस्टेटच्या मागच्या एका वस्तीत, समाजमंदिराच्या खोलीत. आता निवृत्त आहे. मुलाकडे वाघबीळला राहते आणि नातीला रोज सकाळी शाळेच्या बसपर्यंत पोचवते.

नात तीन वर्षं आठ महिन्यांची आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिला अभ्यास होता. स्टँडिंग लाइनची चार पानं, स्लीपिंग लाइनची चार पानं, स्लँटिंग लाइनची चार पानं, शिवाय एक ते वीस अंक. डायरीत लाल पेनाने शेरा होता: रायटिंग कच्चं आहे, घरी सराव घ्या. सून साडेआठला ऑफिसातून येते. जेवणं झाल्यावर ती लेकीचा हात आपल्या हातात धरून रेघा ओढून घ्यायची. तिसऱ्या रात्री वही उघडली तेव्हा पोरीने दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि म्हणाली, "माझा हात चांगला नाहीये."

त्या शाळेचं नाव इथे लिहीत नाही, कारण आमच्या एका बिल्डिंगमध्ये चार वेगवेगळ्या शाळांत जाणारी मुलं आहेत आणि चौघांच्या डायऱ्यांत असेच शेरे आहेत. शेरा लिहिणाऱ्या ताईवर माझा रागही नाही. तिच्या हातात अभ्यासक्रम दिलेला असतो, समोर पंचवीस मुलं असतात आणि महिनाअखेरीला वह्या तपासून दाखवायच्या असतात. म्हणून मी तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे.

माझ्या नातीचा हात चांगलाच आहे, फक्त तो अजून तयार होतो आहे. आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्माच्या वेळी ती हाडं नसतातच, नुसती कूर्चा असते. पुढे एकेक करून ती टणक होतात. तिसऱ्या वर्षी एक्स-रे काढला तर आठांतली दोन-तीनच दिसतात, आणि शेवटचं हाड दिसायला नऊ ते बारा वर्षांचं वय उजाडतं. हाताच्या एक्स-रेवरून डॉक्टर मुलाच्या वाढीचा अंदाज बांधतात तो याच क्रमावरून. स्नायूंचाही असाच क्रम आहे. आधी खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि बोटं सगळ्यात शेवटी. दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं आणि अख्खा हात फिरवून गिरगटतं. तीन बोटांची पकड चार ते सहा वर्षांच्या दरम्यान कधीतरी स्थिर होते, कुणाची आधी, कुणाची नंतर.

रेघांचंही तसंच. उभी रेघ साधारण दोन वर्षांचं मूल बघून काढतं. गोल तीनच्या सुमारास जमतो, अधिकचं चिन्ह चारच्या सुमारास, चौकोन त्यानंतर आणि त्रिकोण पाचच्या आसपास. त्रिकोण इतका मागे का, तर त्यात तिरप्या रेघा असतात. तिरपी रेघ ओढताना हात एकाच वेळी खाली आणि बाजूला न्यावा लागतो, डोळ्यांनी दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं. इंग्रजीतला ए, के, एम अशा रेघांवर उभा आहे, आपली 'र' आणि 'स' ही अक्षरंही. आणि ही रेघ आपण साडेतीन वर्षांच्या मुलांकडून चार-चार पानं काढून घेतो. ती वाकडी येते, मग आपण शेरा लिहितो, आणि मूल त्या शेऱ्यावर विश्वास ठेवतं.

मग हात तयार कशाने होतो, ते मला नौपाड्यातल्या बायकांनी शिकवलं. आमच्या बालवाडीत बरीच मुलं कायस्थ प्रभूंच्या घरची होती, आणि त्या घरांत वालाचं बिरडं म्हणजे जीव की प्राण. भिजवून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेक सोलायचा. एकदा एक आई सोलायचे वाल घेऊनच मुलाला न्यायला आली आणि पायरीवर बसली. सगळी मुलं तिच्याभोवती जमली. अंगठा आणि पहिल्या बोटात वाल धरून हलकेच दाबला की साल हातात राहतं आणि डाळिंबी टुणकन बाहेर येते. जास्त दाबलं तर ती चिरडते, कमी दाबलं तर साल सुटत नाही. किती जोर लावायचा हे बोटांना आपलं आपणच शोधावं लागतं, आणि पेन्सिल धरतानाही हेच लागतं. त्यानंतर दर गुरुवारी आमच्याकडे वाल सोलायचा कार्यक्रम असायचा. शेजारच्या काकू त्याचा डाळिंबी भात करून द्यायच्या आणि मुलं तो हक्काने खायची, कारण वाल त्यांनी सोललेले असायचे.

वस्तीत आल्यावर वाल परवडेनात. तिथे चिंचोके होते, ओली माती होती, जुनी फडकी होती. पाण्यात बुडवून फडकं पिळायचं आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घालायचं. पिळताना मनगट कामाला लागतं, चिमटा दाबताना नेमकी पेन्सिलीची तीन बोटं. रंगाऱ्याचा जुना ब्रश आणि बादलीभर पाणी देऊन मुलांना बाहेरची भिंत 'रंगवायला' सांगायचे, त्यात खांदा तयार होतो. वाळूच्या परातीत बोटाने गोल काढायचे, भेंडीचे ठसे उमटवायचे, मणी ओवायचे. लेखन असं मी कधी घेतलं नाही. एखादं मूल आपणहून नाव लिहायला मागे, त्याला मी दाखवत असे आणि पुढे आग्रह धरत नसे. जवळच्या शाळेतल्या पहिलीच्या बाई मला दरवर्षी सांगायच्या, "तुमची मुलं जूनमध्ये कोरी असतात, पण दिवाळीला सगळ्यांच्या बरोबरीने लिहितात. आणि थकत नाहीत." त्यांचं ते शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटतं.

हे काही माझं शहाणपण नव्हे. ते आपल्याच जिल्ह्यात जन्मलं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला, तोपर्यंत बोर्डी आणि कोसबाड ठाणे जिल्ह्यातच होते. माँटेसरी पद्धतीची साधनं महाग होती, तेव्हा या दोघींनी शिंपले, बिया, खडे, पानं हाताशी घेतली. वारली पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तर बालवाडीच पाड्यातल्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. जी मुलं गुरं राखायला जात, त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरवली. २ ऑक्टोबर १९७५ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्या शब्दाच्या माहेरी आपण राहतो. तुमच्या वातानुकूलित वर्गात एक परातभर वाळू असावी, एवढंच मी मागते आहे.

तुमच्या बऱ्याच माहितीपत्रकांत एक आकडा मोठ्या अक्षरात असतो: सहा वर्षांच्या आत मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ होते. तो २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातला आहे. पण त्याच धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा 'पायाभूत' म्हणून वेगळा काढला आणि तो खेळातून, कृतीतून, गोष्टीतून शिकण्याचा असावा असं सांगितलं. त्यावरून २०२२मध्ये पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला. तीन ते सहा वयाच्या मुलांवर पाठ्यपुस्तकांचं ओझं नको आणि चाचण्या-परीक्षा या वयाला मुळीच योग्य नाहीत, असं त्यात स्पष्ट आहे. ८५चा आकडा छापता, तर पुढची पानंही पालकांना वाचून दाखवा. आकड्याने आईबाप घाबरतात, आणि घाबरलेले आईबाप वही मागतात.

हो, पालकच मागतात हे मला माहीत आहे. माझ्या मुलानेच विचारलं होतं, "आई, वही कोरी असेल तर एवढी फी कशाची?" त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला दाखवायला दुसरं काही कुणी दिलेलं नाही. वस्तीतल्या पालकसभेत मी एक गोष्ट करायचे, तुम्हीही करून बघा. प्रत्येक आईबापाला चाररेघी कागद द्यायचा आणि डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहायला सांगायचं. डावखुऱ्यांनी उजव्या. मी मागून फिरत म्हणायची, लवकर आवरा, रेघेच्या बाहेर नको, शेजारच्याचं बघा किती सुरेख. दोन मिनिटांत खोली शांत व्हायची. एका वडिलांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "ताई, मी काल पोराला यावरून मारलं." त्या वर्षी त्या वस्तीतून लिहायचा अभ्यास कुणी मागितला नाही.

प्रवेशाच्या मुलाखतींबद्दल थोडक्यात सांगते. पहिलीच्या प्रवेशाला मुलाची किंवा पालकांची चाळणी घेणं २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ने बंद केलं, पहिल्या वेळी २५ हजार आणि पुढे प्रत्येक वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला. सहा वर्षांच्या मुलाला जे करू नये असं कायदा म्हणतो, ते अडीच वर्षांच्या मुलाला खुर्चीवर बसवून 'व्हॉट कलर इज धिस' विचारत करू नका.

आता भाषेचं. यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण लिहिण्याचं नुकसान वर्षभरात भरून येतं, याचं येत नाही.

तुमच्यातले बरेच जण पहिल्याच सभेत सांगता, घरी मुलाशी इंग्रजीत बोला. आमच्या बसच्या थांब्यावर कासारवडवली गावठाणातली एक आई येते. घरी आगरी बोलतात. ती बोलायला लागली की ऐकत राहावं, सासूच्या गोष्टी, खाडीवरच्या, लग्नातल्या. तिला सांगितलं गेलं, घरात फक्त इंग्लिश. तेव्हापासून ती लेकाशी सात-आठ शब्दांत बोलते. कम. सिट. ईट. नो. फास्ट. शूज. मी तिला म्हटलं, अगं, त्याला गोष्टी सांगतेस ना? तर म्हणाली, "इंग्रजीत नाय येत ना मावशी." तिचा मुलगा इंग्रजी शिकत नाहीये, त्याची आई मात्र गप्प झाली आहे.

तान्ह्या बाळापासून भाषा येते ती टप्प्याटप्प्याने खेळलेल्या चेंडूसारखी. बाळ हुंकार टाकतं, आई तो उचलून परत देते. दोन वर्षांचं मूल म्हणतं "भू भू", आपण म्हणतो, हो, काळा कुत्रा, त्याचं शेपूट बघ कसं हलतंय. त्या एका क्षणात त्याला रंग मिळतो, अवयव मिळतो, क्रियापद मिळतं, आणि आपलं कुणी ऐकतं आहे हेही कळतं. दिवसातून शेकडो वेळा हे झालं की शब्द साठतात, वाक्यं लांबतात, 'कारण', 'पण', 'जर' येतात. पुढचं वाचन यावरच उभं राहतं, कुठल्याही भाषेतलं. घरची भाषा भक्कम असलेलं मूल दुसरी भाषा नीट शिकतं. हे फक्त तीच माणसं देऊ शकतात ज्यांना त्या भाषेत रागावता येतं, लाडावता येतं, खोटं खोटं रडता येतं. राष्ट्रीय धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हणतं. तुमची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, असू दे. इंग्रजी तुम्ही शाळेत शिकवा, चांगलं शिकवा. आईची भाषा आईकडून काढून घेऊ नका. मराठी असो, आगरी, मालवणी, तेलुगू, भोजपुरी किंवा उर्दू. सभेत हे मोठ्याने सांगा, कारण तुमचा शब्द ती आई माझ्यापेक्षा जास्त मानते.

ठाण्याची घरं कशी चालतात हे मला दिसतं. आईबाप दोघं लोकलने किंवा घोडबंदरच्या गर्दीतून आठ-नऊला घरी येतात. तोवर मूल पाळणाघरात किंवा आजीजवळ, हातात मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलं की एका वर्षाखालच्या बाळाला पडदा नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या वर नको, तीन-चार वर्षांच्या मुलाची झोप १० ते १३ तास हवी आणि दिवसभरात मिळून तीन तास अंग हललं पाहिजे. रात्री अकराला झोपणारं, सकाळी साडेसहाला उठवून बसमध्ये बसवलेलं मूल यातलं काय पुरं करणार? उरलेल्या तासाभरातही आपण त्याला वही देतो.

तो तास घराला परत द्या. लिहायच्या अभ्यासाऐवजी पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज एक ओळ पाठवा. आज विचारा, आजीच्या गावाला जाताना काय काय दिसतं? आज मुलाला कणकेचा गोळा द्या. आज मटार सोलायला बसवा आणि मोजायला सांगा, एका शेंगेत किती, दुसरीत किती. आज शब्दांच्या भेंड्या. शेवटचा आवाज कानाने पकडायचा हा खेळ वाचनाची खरी पूर्वतयारी आहे, आणि तो रिक्षात बसल्या बसल्याही होतो. वीस मिनिटं पुरतात, थकलेल्या बापालाही जमतं. आमच्या घरी आता कोशिंबिरीची काकडी नात किसते, हळूहळू, आणि किसताना तिची आई तिला ऑफिसात काय झालं ते सांगते.

वर्गात खेळ वाढवा. 'शिवाजी म्हणतो', स्टॅच्यू, आंधळी कोशिंबीर, मामाचं पत्र हरवलं. यात मूल थांबायला शिकतं, आपली पाळी येईपर्यंत तग धरतं, मनात आलेली उडी आवरतं. पुढे पहिलीत चाळीस मिनिटं एका जागी बसायला हीच ताकद लागते, ती बाकावर बसवून येत नाही. भातुकलीला रोज अर्धा तास सलग द्या, मध्ये घंटा नको. बोळक्याचा फोन करून डॉक्टरांना बोलावणारं मूल त्या अर्ध्या तासात जितकी वाक्यं बोलतं, तितकी तुमच्या आख्ख्या सकाळीत बोलत नाही.

आणखी एक, लाल शेऱ्यापेक्षा फार महत्त्वाचं. माझ्या २८ वर्षांत 'लक्ष देत नाही' म्हणून आलेल्या मुलांपैकी काहींना नीट ऐकू येत नव्हतं. सतत सर्दी, कानात पाणी, कुणाच्या लक्षातच आलेलं नाही. एका मुलीला फळाच धूसर दिसायचा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाड्यांतल्या मुलांची तपासणी वर्षातून दोनदा करायची असते. खासगी नर्सरीत ती पथकं येत नाहीत. तुम्ही जून आणि डिसेंबरमध्ये कान, डोळे आणि वाढीची तपासणी ठेवा. दोन वर्षं उलटूनही दोन शब्द जोडत नसलेलं, हाकेला वळून न पाहणारं, आलेले शब्द विसरत चाललेलं मूल दिसलं तर आईबापांना एकांतात, धीर देऊन, बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून वर्ष घालवू नका. ताईंना हे ओळखायला शिकवा आणि त्यांना पगार नीट द्या. तीन वर्षांच्या मुलाशी दिवसभर धीराने बोलणं हे कुशल काम आहे.

तर आता यादी. छापायला देण्याआधी नर्सरीच्या यादीतून चाररेघी वही, चौकटीची वही आणि कर्सिव्हची पुस्तिका या तीन ओळी खोडा. त्यांच्या जागी लिहा: एक जुनं सुती फडकं, वाटीभर चिंचोके, कपड्यांचे दहा चिमटे, आणि घरच्या भाषेतली एक गोष्ट, सांगायला आई, बाबा किंवा आजी-आजोबांपैकी कुणीही. चिंचोके आणि मणी मोठ्या माणसाच्या नजरेखालीच द्यायचे, हेही यादीत लिहा.

शनिवारी सकाळी मी मोकळी असते. तुमच्यापैकी कुणीही बोलावलंत तर येईन, ताईंबरोबर बसेन, पालकसभेला डाव्या हाताचे कागदही आणेन. मानधन नको. वाल मी घरून आणते, मात्र ते भिजवून मोड यायला दोन दिवस लागतात, म्हणून गुरुवारी सकाळपर्यंत कळवलंत तर बरं.

आपली,
बालवाडीतली एक निवृत्त ताई
वाघबीळ, ठाणे (पश्चिम)